वीज गेली म्हणून वाचलेली प्रत

रायगड जिल्ह्यातील उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराचे नाव तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. जवाहरलाल नेहरू बंदर म्हणतात ते हेच. २०१७ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस ह्या बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी विस्कळीत झाले. क्रेन मोडल्या नव्हत्या, कामगारांचा संपही नव्हता. बंद पडले होते ते संगणक. कोणता कंटेनर कोणाचा, तो आवारात कोठे ठेवला आहे, कोणत्या ट्रकवर चढवायचा आणि कोणत्या जहाजात भरायचा, हे सारे संगणकाला ठाऊक असते. त्याची स्मृती गेली, की डोळ्यांसमोर उभा असलेला कंटेनरही हरवल्यासारखाच होतो.

हे टर्मिनल चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाजवाहतूक उद्योगसमूहातील. २७ जून २०१७ रोजी त्या समूहाचे संगणक जगभर एकापाठोपाठ एक काळे पडत गेले. कारण होते ‘नॉटपेट्या’ हा संगणकीय घातक कार्यक्रम. युक्रेनमध्ये वापरात असलेल्या एका हिशेबाच्या आज्ञावलीची जी सुधारित प्रत गिऱ्हाइकांकडे आपोआप जात असे, तिच्यातून तो शिरला आणि काही तासांतच देशोदेशी पसरला. पडद्यावर खंडणीची मागणी दिसे. पण ती निव्वळ बतावणी होती. पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सभेत जे आकडे सांगितले ते असे : ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० आज्ञावल्या दहा दिवसांत नव्याने उभ्या कराव्या लागल्या. हे काम दहा दिवसांत कसे झाले त्याची हकीकत मोठी मौजेची आहे, आणि तिच्यात विमानाने गेलेली एक हार्ड डिस्क आहे. पण त्या हकिकतीचे मर्म ध्यानात यायचे, तर आधी संगणकाची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, ही काय वस्तू आहे ते पाहिले पाहिजे. तुमच्या शाळेच्या किंवा घरच्या संगणकापाशी बसूनच ते पाहू या.

कप्पे आणि नोंदवही

हार्ड डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक अजस्र मांडणी आहे असे समजा. प्रत्येक कप्प्यात साधारणतः ४,०९६ बाइट मावतात. इंग्रजी मजकुराचे एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. देवनागरीच्या एका वर्णचिन्हाला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. एक टेराबाइटच्या, म्हणजे एक लाख कोटी बाइटच्या डिस्कवर असे सुमारे २४ कोटी ४१ लाख कप्पे होतात. तुम्ही लिहिलेला निबंध ह्यांतल्या पाच-सहा कप्प्यांत असेल, आणि ते कप्पे शेजारीशेजारी असतीलच असेही नाही.

मग संगणकाला निबंध सापडतो कसा? त्यासाठी डिस्कवरच एक नोंदवही ठेवलेली असते. फाइलचे नाव, आकार, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, ती कोणाच्या मालकीची, कोणी वाचावी, कोणी बदलावी आणि तिचे कप्पे कोणते, हे सर्व त्या नोंदवहीत असते. कप्पे, नोंदवही आणि ती लिहिण्याचे नियम मिळून जी व्यवस्था होते तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजच्या संगणकात तिचा एनटीएफएस हा प्रकार बहुधा असतो, लिनक्समध्ये पुष्कळदा एक्स्ट-४ असतो. नियम निरनिराळे, कल्पना एकच.

नॉटपेट्याने नेमका ह्या नोंदवहीवर घाव घातला. एनटीएफएसमधील मुख्य सूची त्याने गुप्तलिपीत बदलून टाकली. मोठ्या ग्रंथालयातील सूचीपत्रके जाळली आणि पुस्तकांची पाने सुटी करून फडताळांत कोंबली, तर काय होईल? एकही पान नाहीसे झालेले नसते, पण पुस्तक मात्र एकही उरत नाही.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. राखीव प्रत घ्यायची ती फाइलींतील मजकुराचीच नव्हे, तर नोंदवहीतील माहितीचीही. नेमकी येथेच पुष्कळांची फसगत होते. संगणकाला बाहेरची डिस्क जोडायची, सगळे उचलून तिच्यावर टाकायचे आणि निश्चिंत व्हायचे, अशी रीत आहे. ती अगदीच वाईट नाही. काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी. पण त्या बाहेरच्या डिस्कवरची फाइल सिस्टिम कोणती आहे ते आधी पाहावे. ती जुन्या फॅट-३२ प्रकारची असेल, तर फाइलीचा आकार लिहायला तिच्या नोंदवहीत ३२ द्विमान अंकांचीच जागा आहे. दोनाचा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा ह्याहून एका बाइटने लहान असलेली फाइल ही कमाल मर्यादा झाली. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण सहा गिगाबाइटचे असेल तर ते तिच्यावर जाणारच नाही. शिवाय फाइल कोणाच्या मालकीची, कोणाला कोणती मुभा, हे लिहायला फॅट-३२ मध्ये रकानाच नाही. लिनक्सचा संपूर्ण संगणक असा उतरवून घेतला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला, तर मजकूर सगळा असूनही संगणक नीट चालेलच असे नाही. दाराच्या किल्ल्या आणल्या, पण कोणती कोणत्या दाराची ते लिहिलेच नाही, अशातला प्रकार.

जाता जाता एक शंका दूर करू. एक टेराबाइटची डिस्क विकत आणली, की विंडोजचा संगणक ती ९३१ गिगाबाइटची दाखवतो आणि दुकानदाराने फसविले असे वाटते. त्याने फसविलेले नसते. कारखानदार गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज दोनाचा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. एक लाख कोटीला ह्या संख्येने भागून पाहा.

घाई का होत नाही

पहिली संपूर्ण प्रत घ्यायला वेळ किती लागेल? बाहेरची फिरती डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट लिहू शकते असे धरा. ५०० गिगाबाइटला ५,००० सेकंद लागतील, म्हणजे तासावर तेवीस मिनिटे. प्रत्यक्षात मात्र दुप्पट वेळ गेला तरी आश्चर्य मानू नका. बाहेरच्या लहान डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०; एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद. हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते आणि शीर्षाचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी वेळ जातो. दोन्ही मिळून १५ सहस्रांश सेकंद धरू. फाइली चार लाख असतील आणि प्रत्येकीमागे एकदाच असे थांबावे लागले, तरी १५ × ४,००,००० सहस्रांश सेकंद, म्हणजे ६,००० सेकंद नुसत्या शोधाशोधीत जातात! एक मोठा चित्रपट भरभर उतरतो आणि तेवढ्याच आकाराच्या बारीकसारीक फाइली रेंगाळतात, त्याचे कारण हे.

अर्थात तक्रार करण्याआधी १९५६ साल आठवावे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन एक टनाच्या वर, आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आज खिशात राहणारी एक टेराबाइटची डिस्क तिच्या अडीच लाख पटींहून अधिक माहिती धरते.

दररोज सगळे उतरवून घेणे परवडत नाही. आणि त्याची गरजही नसते. समजा, शाळेच्या संगणकावर २०० गिगाबाइट माहिती आहे आणि रोज त्यांतली दोन गिगाबाइट नवी किंवा बदललेली असते. रोज संपूर्ण प्रत घेतली तर आठवड्याला १,४०० गिगाबाइट जागा लागेल. त्याऐवजी रविवारी संपूर्ण प्रत आणि पुढे रोज आदल्या दिवसानंतर जे बदलले तेवढेच, असे केले तर २०० अधिक १२, म्हणजे २१२ गिगाबाइटमध्ये भागते. ही झाली वाढत्या प्रतींची पद्धत. तिच्यात एक मेख आहे. शनिवारी रात्री संगणक बिघडला तर रविवारची प्रत घेऊन तिच्यावर सोमवार, मंगळवार असे सहा थर क्रमाने चढवावे लागतात, आणि त्यांतला बुधवारचा खराब निघाला तर पुढच्या थरांचाही भरवसा राहत नाही.

म्हणून कोणी रोज ‘रविवारनंतर बदललेले सर्व’ उतरवतात. सोमवारी २, मंगळवारी फार तर ४, असे करीत शनिवारी फार तर १२ गिगाबाइट. बेरीज करा : २४२ गिगाबाइटपर्यंत. जागा थोडी जास्त गेली. पण परत मिळवायला दोनच तुकडे पुरतात. आमच्या मते शाळेसारख्या ठिकाणी ही दुसरी पद्धतच सोयीची, कारण ज्या दिवशी संगणक बिघडतो त्या दिवशी सगळे घाबरलेले असतात, आणि घाबरलेल्या माणसाला सात पायऱ्यांपेक्षा दोन पायऱ्या बऱ्या.

नऊचा ताळा आणि सरकती खिडकी

कोणती फाइल बदलली हे संगणक ओळखतो कसे? साधा उपाय म्हणजे नोंदवहीतील आकार आणि दुरुस्तीची वेळ पडताळून पाहायची. दोन्ही जुळली तर फाइल तीच आहे असे धरून पुढे जायचे. हे जलद होते आणि बहुतेक वेळा बरोबरही असते. पण खात्रीच हवी असेल तर ताळा काढावा लागतो.

तुम्ही गुणाकार बरोबर आला की नाही हे नऊच्या ताळ्याने पाहिले असेल. संख्येतील अंकांची बेरीज करीत एक अंक उरवायचा. मोठ्या संख्येची ही लहानशी खूण. संगणक फाइलीची अशीच खूण काढतो. मात्र नऊच्या ताळ्यात एक उणीव आहे : ५२ आणि २५ ह्या दोघांचाही ताळा ७ येतो. अंकांची अदलाबदल त्याला दिसतच नाही. म्हणून संगणकाच्या ताळ्यात अंकाच्या स्थानालाही महत्त्व देतात. पहिल्या अंकाला एकाने गुणायचे आणि दुसऱ्याला दोनाने, म्हणजे ५२ चा ताळा ५ + ४ = ९ होतो आणि २५ चा २ + १० = १२. अदलाबदल पकडली गेली! आज वापरात असलेले ताळे ह्याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहेत, पण मूळ धोरण तेच.

ताळ्याचा अतिशय चतुर उपयोग अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस ह्या ऑस्ट्रेलियातील दोघांनी १९९६ साली केला. त्यांच्या आज्ञावलीचे नाव ‘आरसिंक’. प्रश्न असा होता : एका गावी फाइलीची जुनी प्रत आहे, दुसऱ्या गावी नवी. मधली तार मंद आहे. सगळी फाइल न पाठवता जुनीची नवी कशी करावी? फाइलीचे सारखे तुकडे पाडून ताळे जुळवावेत हे कोणालाही सुचेल. पण सुरुवातीला एकच अक्षर घुसविले की पुढचे सगळे तुकडे एकेक घर सरकतात आणि कोणताच ताळा जुळत नाही.

कागद घ्या आणि करून पाहा. जुनी फाइल : ४ ७ २ ९, ३ ८ १ ५, ६ ० ७ २. चार-चार अंकांच्या तीन तुकड्यांच्या बेरजा २२, १७ आणि १५. नव्या फाइलीत आरंभी १ घातला : १ ४ ७ २, ९ ३ ८ १, ५ ६ ० ७, २. बेरजा १४, २१, १८ आणि शेवटचा एकटा २. एकही जुळत नाही! आता तुकडे न पाडता चार अंकांची एक खिडकी नव्या फाइलीवर एकेक घर सरकवीत न्या. पहिली बेरीज १४. एक घर सरकलो म्हणजे डावीकडचा १ गेला, उजवीकडचा ९ आला : १४ – १ + ९ = २२. जुळली! हा जुना पहिला तुकडा. त्याच्या पुढचे चार अंक ३ ८ १ ५, बेरीज १७, हा दुसरा. मग ६ ० ७ २, बेरीज १५, हा तिसरा. तेव्हा तारेवरून एवढेच कळवायचे : ‘१ लिहा, मग तुमच्याकडचे तीनही तुकडे क्रमाने लावा.’

खिडकी सरकताना सगळी बेरीज नव्याने करावी लागत नाही, एक वजाबाकी आणि एक बेरीज पुरते. सगळी करामत ह्यात आहे. निव्वळ बेरीज योगायोगानेही जुळू शकते, म्हणून ती जुळली की एका अधिक कडक ताळ्याने खात्री करून घेतात. आणि बाहेरची डिस्क त्याच संगणकाला जोडलेली असेल तर हा खटाटोप आरसिंक सहसा करीत नाही. दोन्ही प्रती वाचून ताळे काढण्यापेक्षा बदललेली फाइल सरळ पुन्हा लिहिणे स्वस्त पडते. तार मंद असेल तेथेच अक्कल खर्चायची, हे धोरण आम्हाला फार आवडते.

आणखी एक युक्ती सांगतो. ग्रंथालयात एकाच पुस्तकाची कार्डे लेखकसूचीत आणि विषयसूचीत अशी दोन ठिकाणी असतात, पुस्तक एकच. कित्येक फाइल सिस्टिममध्ये एका मजकुराला अशी अनेक नावे देता येतात. मग बाहेरच्या डिस्कवर रोजच्या तारखेचा एक कप्पा करायचा, बदललेल्या फाइली खरोखर लिहायच्या आणि न बदललेल्यांचे फक्त नवे कार्ड लावायचे. प्रत्येक तारखेचा कप्पा उघडला तर संपूर्ण दिसतो, जागा मात्र बदलापुरतीच लागते. जुन्या तारखेचा कप्पा पुसला तरी शेवटचे कार्ड असेपर्यंत मजकूर राहतो. एवढे मात्र विसरू नका की कार्डे तीस असली तरी पुस्तक एकच आहे. डिस्कवरची तेवढी जागा खराब झाली, तर तीसही तारखांची प्रत एकदम जाते.

शंभर वर्षांतून किती वेळा?

आता गणिताकडे वळू. एखादी डिस्क एका वर्षात बिघडण्याची शक्यता शंभरात दोन आहे असे समजा. दोन डिस्क असल्या तर त्या दोन्ही त्याच वर्षी बिघडण्याची शक्यता किती? ०.०२ × ०.०२ = ०.०००४, म्हणजे दहा हजारांत चार. तीन डिस्क घेतल्या तर दहा लाखांत आठ. एवढ्याने कोणीही निश्चिंत होईल.

पण थांबा. शक्यतांचा असा गुणाकार केव्हा करता येतो? त्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दोन्ही डिस्क एकाच टेबलावर, एकाच विजेच्या फळीवर असतील आणि पावसाळ्यात वीज कडाडून विजेचा दाब उसळला, तर त्या एकदमच जातील. दोन्ही एकाच दप्तरात असतील तर चोर दोन्ही नेईल. बाहेरची डिस्क सदैव संगणकाला जोडलेली असेल, तर संगणकात शिरलेला घातक कार्यक्रम तिच्यावरही तितक्याच सहजतेने लिहील. तेथे दहा हजारांत चार हा हिशेब पार कोसळतो.

मर्स्कचे असेच झाले. कोणत्या कर्मचाऱ्याला संगणकजालात कोठे प्रवेश द्यायचा, ह्याची यादी सांभाळणारे विशेष सर्व्हर असतात. त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्ककडे असे जगभर मिळून सुमारे १५० होते. ते सगळे एकमेकांशी सतत बोलून आपापली यादी सारखी ठेवीत. एक गेला तर बाकीचे १४९ आहेतच, मग वेगळी राखीव प्रत कशाला, असा विचार होता. इतर बहुतेक सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या प्रती मिळाल्या. ह्या यादीची मात्र एकही मिळेना. आणि ती यादी नसेल तर बाकीचे काही उभे करता येईना. एकमेकांना जोडलेले १५० जण एका फटक्यात गेले होते. त्या १५० प्रती नव्हत्याच. ती एकच प्रत होती, १५० ठिकाणी दिसणारी.

शोधाशोध सुरू झाली. आणि आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात एक डोमेन कंट्रोलर धडधाकट सापडला. तो कसा वाचला? नॉटपेट्या पसरण्याआधी तेथील वीज गेली होती! यंत्र बंद, म्हणून जालाशी संबंध तुटलेला, म्हणून सुरक्षित. वीज जाणे ही किती वैतागाची गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या एका दिवशी तिने जे काम केले ते महागड्या यंत्रसामग्रीला जमले नव्हते.

पुनर्रचनेचे काम इंग्लंडमधील मेडनहेड येथे चालले होते. घानातील माहिती काहीशे गिगाबाइट होती आणि तेथील तार इतकी मंद की पाठवायला कित्येक दिवस गेले असते. उदाहरणादाखल ५०० गिगाबाइट घ्या आणि तारेचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरा. एका बाइटचे आठ बिट. ४० लाख मेगाबिटला चार लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक. तेव्हा डिस्कच विमानाने न्यायचे ठरले. पण घानाच्या कचेरीत कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग तेथील एक कर्मचारी ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती ती दिली, आणि हा दुसरा साडेसहा तासांच्या विमानप्रवासाने लंडनला पोहोचला. साडेसहा तास म्हणजे २३,४०० सेकंद. आपल्या ५०० गिगाबाइटच्या उदाहरणात ह्या विमानाचा ‘वेग’ सेकंदाला १७० मेगाबिट भरतो. मंद तारेच्या सतरा पट!

पीटर क्रोग ह्या छायाचित्रकाराने २००५ सालच्या आपल्या एका पुस्तकातून तीन-दोन-एक असा नियम लोकप्रिय केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. नॉटपेट्यानंतर ह्यांत ‘एक प्रत तोडलेली’ अशी भर घालायला हरकत नाही. घरच्या बाबतीत अर्थ सोपा आहे. प्रत घेऊन झाली, की संगणकाला सांगून डिस्क सोडवा आणि कपाटात ठेवा. एका डिस्कऐवजी दोन असतील तर आलटूनपालटून वापरा व एक मावशीकडे किंवा काकांकडे ठेवा. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत मात्र फिरत्या तबकडीच्या डिस्कवर घ्यावी. नव्या धर्तीच्या, हलणारे भाग नसलेल्या डिस्कमध्ये माहिती विद्युत्भाराच्या रूपात असते, आणि विजेशिवाय फार काळ राहिल्यास तो भार हळूहळू झिरपून जातो.

प्रत आहे, पण...

प्रत घेतली आणि ती उघडूनच पाहिली नाही, तर काय होते? ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ ह्या कंपनीत जे घडले ते तिने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केले आहे. संगणकाच्या आज्ञावल्या साठविण्याची सेवा ही कंपनी पुरवते. रात्री उशिरा एका अभियंत्याने दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक लगेच ध्यानात आली आणि त्याने आज्ञा थांबविली; पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरली होती. राखीव प्रती घेण्याच्या व्यवस्था होत्या. दररोज आपोआप निघणाऱ्या प्रतींची जागा पाहिली तर ती रिकामी! प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची आणि माहितीसंच नव्या आवृत्तीचा, म्हणून ती रोज चालू होई आणि रोज अपयशी होऊन थांबे. बरे, अपयश आले की ईमेलने कळविण्याची सोय होती. पण त्या ईमेलवर आवश्यक ती खूण नसल्यामुळे पत्रे परस्पर नाकारली जात होती. शेवटी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच एका कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेले एक क्षणचित्र उपयोगी पडले. मधल्या सहा तासांतील काम मात्र गेले.

क्षणचित्र म्हणजे काय तेही पाहू. दुकानातील मुनीम वहीत लिहीत असताना तुम्ही तीच वही उतरवून घेत आहात असे समजा. तुम्ही जमेची बाजू उतरविली, तेवढ्यात त्याने जमेस आणि खर्चास एकेक नोंद केली, मग तुम्ही खर्चाची बाजू उतरविली. तुमच्या प्रतीत खर्च आहे, जमा नाही. अशी वही कोणत्याच क्षणी अस्तित्वात नव्हती! चालू संगणकाची प्रत घेताना हाच धोका असतो. क्षणचित्र घेणारी फाइल सिस्टिम त्या क्षणाचे कप्पे गोठविते; पुढचे लेखन नव्या जागी होते आणि प्रत गोठलेल्या कप्प्यांची निघते. ही सोय नसेल तर घरच्या घरी सोपा मार्ग म्हणजे चालू असलेली कामे बंद करून मगच प्रत घ्यावी.

आता करून पाहण्याचा प्रयोग. बाहेरच्या डिस्कवर काही फाइलींची प्रत घ्या आणि डिस्क सोडवून ठेवा. आठवड्याने ती दुसऱ्याच एका संगणकाला जोडा, त्यांतली कोणतीही एक फाइल त्याच्यावर उतरवा आणि मूळ फाइल व ही फाइल, दोघींचा ताळा काढा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्समध्ये ‘एसएचए-२५६-सम’ ह्या नावाच्या आज्ञा त्यासाठी आहेत. दोन्ही कशा वापरायच्या ते शिक्षकांकडून शिकून घ्या. विंडोजमध्ये एसएचए-२५६ ही पद्धत मुद्दाम सांगावी लागते. उत्तरादाखल ६४ चिन्हांची एक माळ येईल. दोन्ही माळा चिन्ह न् चिन्ह जुळल्या पाहिजेत. मग उतरवलेल्या फाइलीत एकच काना वाढवा, ती साठवा आणि पुन्हा ताळा काढा. आधीची माळ आणि ही माळ शेजारीशेजारी लिहून किती जागी चिन्हे तीच राहिली ते मोजा. निव्वळ योगायोगाने ६४ पैकी साधारण चार जागी तेच चिन्ह यावे, कारण चिन्हे सोळाच आहेत. वर्गातल्या प्रत्येकाने आपापली फाइल घेऊन हे मोजले आणि सर्वांची सरासरी काढली, तर ती चारच्या किती जवळ येते ते फळ्यावर मांडा.